डब्यातलं ७८६

३ नोव्हें., सोमवार
झोप न्हाई. परवापासनं न्हाई. पोरगी अलिना झोपती, मीच जागी. कारण मशीन. रोज फजरच्या, पहाटंच्या, अजानीला मशीन बसतं आन त्याच्यावरच्या सातीच्या साती वेबसाइटी बंद पडत्यात. मी जागी असली तर लगीच उठवती. डोळा लागला की गिऱ्हाईकांचे फोन दिराला जात्यात, आन मग दीर हितं येतो.
आज आला. इरफान. मी पडद्याआड, त्यो दारात. म्हनला, "भाबी, पासवर्ड देऊन टाका. सांगलीचा मानूस तयार हाय. सगळ्या साइटी त्याच्या मशीनवर घेतो. तुमाला कशाला डोक्याला ताप?"
मी म्हनलं, इद्दत संपू द्या. नवरा गेल्यावर चार म्हयने धा दिस घरातनं भायेर पडायचं न्हाई, परक्या बाप्याफुडं यायचं न्हाई.
"तुमची इद्दत हाय, गिऱ्हाईकाची न्हाई."
दिला न्हाई पासवर्ड.
पासवर्ड गेला म्हंजी काम गेलं. काम गेलं की कराडची ही खोली गेली. मग अम्मी (सासू) म्हनत्यात तसंच हुनार. मी मेढ्याला भावाकडं, तरणी हाय म्हणून दुसरं घर बघायचं, आन अलिना कडेगावला त्यांच्यात. अजून अंगावर पिती ती.

४ नोव्हें.
मशीन हितं न्हाई. मुंबईला कुठंतरी हाय, भाड्यानं. लय बारकं, एक जीबीचं. ह्यांनी सगळ्यात सवस्तातलं घेतलेलं. त्याच्यावर सात साइटी: दोन मंगल कार्यालयं, सांगलीचा बेदाणेवाला, ट्रॅक्टरच्या पार्टचं दुकान, घोंगडीवाले, एक शाळा, आन साताऱ्याच्या मेजरची भरती अकॅडमी.
सातींना मिळून डबा एकच. डेटाबेसला हे डबा म्हनायचे. "साइट म्हंजी नुसतं ताट गं. जेवान सगळं डब्यात." डबा बसला की ताटं रिकामी.
अलिना पोटात हुती तवा मी शेजारी बसायची. लॅपटॉपातल्या काळ्या खिडकीत चार ओळी लिवायला शिकवल्या मला. डबा उठवायची ओळ, कोण किती रॅम खातंय ते बघायची ओळ. हसायचे. "मी नसंन तवा तू सांबाळ." बाजाराला गेल्यावर, म्हनायचं हुतं त्यांना.
जुलैत हायवेवर गेले.
आठवी शिकलीया मी, मराठी शाळेत. ती ओळ डोळं झाकून लिवती.

६ नोव्हें.
चाचांचा फोन. सासरे न्हाईत, तवा घरात मोठं तेच. अम्मीनं आन इरफाननं कान भरले असनार, मी तयारीनं बसली हुती. पर नीट बोलले.
"बेटी, इद्दत संपली की आपुन बसू. तवर काम चालवून दाखव. मेजरचा निकाल कवा हाय?"
तेवीसला, आयतवारी.
"त्यो लई आरडतोय. मागच्या निकालाला साइट पडली म्हनं. ह्या बारीला पडली न्हाई तर तू कराडातच ऱ्हा, पोरगी तुझ्यापाशी, मी बघतो इरफानला. पडली तर मग माझं तोंड बंद हुईल, हे आधीच सांगून ठेवतो."
तेवीसला. ठरलं तर.
फोन ठेवल्यावर भांडी घासली. मग खिडकी उघडून मशीन बघितलं. हुबं हाय.

८ नोव्हें.
शेजारच्या खोलीत रूपाली ऱ्हाती, इंजिनेरिंगची. तिला बोलावलं. मला इंग्रजी वाचाय येती, पर समजत न्हाई, तिला समजती. ती म्हनली, "अहो वहिनी, मी मेकॅनिकलची. डेटाबेस मला तरी कुठं येतोय." मी म्हनलं, तू वाच, दोघी मिळून बघू. चहा ठेवला. अलिना तिच्या मांडीवर.
रोज अजानीलाच का बसतं ते घावलं. साती साइटींची नक्कल काढून ठेवायचं काम हे मशीनला लावून गेलेत, बॅकअप म्हंत्यात त्याला. आन सातींची येळ एकच, फजरची. त्या येळेला ते उठलेले असायचे, बघायला बरं पडायचं म्हणून. एक साइट हुती तवा ठीक हुतं. सात झाल्या, येळ तीच ऱ्हायली. सात जणी एका दमात एका डब्यात हात घालत्यात, डबा उलटतो.
रू. म्हनली, मागंपुढं लावू. एकीचं झालं की दुसरीचं.
मी म्हनलं फजरचं एक तरी ऱ्हाऊ दे. शाळेची नक्कल फजरला ठेवली. बाकीच्या पुढं ढकलल्या.

९ नोव्हें.
अजानीला आपसूक जाग आली. मशीन हुबं.
नमाज पढून परत झोपली. अलिनानं केस वडून उठवलं तवा ऊन आलं हुतं.

११ नोव्हें.
लय लवकर खूश झाली मी. आज भर दुपारी बसलं. उठवलं, परत बसलं. तिसऱ्यांदा उठवलं तवा घोंगडीवाल्या मामांचा फोन. "पोरी, माझं दुकान दिसंना की गं." म्हनलं मामा, आलंच बगा. "आलं, आलं. आन गेलं. पारावरच्या लाइटीगत करतंय."
तुळशीची लग्नं झाली की कार्यालयांच्या तारखा बघायला झुंबड. पोरीचा बाप एका कार्यालयावर थांबत न्हाई, सगळी उघडून बसतो. त्याचा मेव्हना पन तेच करतो. त्यात घोंगडीवाल्याचा काय गुना? पर डबा एकच.
रू. कॉलेजातनं आली. डब्याची सेटिंगची फाइल उघडली. वाचता वाचता थांबली.
"वहिनी, हा आकडा कुठून आला? मी सगळीकडे शोधलं, असा आकडा कुणीच सांगत नाही."
मी बगितलं. ७८६.
रॅम किती घ्यायची: ७८६. कनेक्शन किती: ७८६. खाली अजून दोन जागी, तितं पन ७८६. जितं म्हनून आकडा घालायची जागा घावली तितं त्यांनी ७८६ घातलंय.
रूपालीला सांगिटलं. गाडीवर असतंय, दुकानाच्या पाटीवर असतंय. बिस्मिल्लाचा आकडा. कामाला बरकत यावी म्हणून.
ती हळू म्हनली, "पण वहिनी, मशीन एक जीबीचं आहे. त्यातले ७८६ एकट्या डब्याला दिले तर बाकीच्यांना काय उरतं? गर्दी झाली की मशीन गुदमरतं. मग जो सगळ्यात जास्त खातोय त्यालाच मारतं. डब्याला."
कमी करायला पायजे, म्हनली.
म्हनलं उद्या बघू.

१२ नोव्हें.
केलं न्हाई.
फाइल उघडली, आकड्यावर जाऊन बसली, परत बंद केली. त्यांनी घातलेला आकडा. त्यांच्या हातानं. तेबी असला आकडा. त्यो काढून मी माझा घालू? आन काढल्यावर काय वंगाळ झालं तर? अलिनाला काल रात्रीपासनं कणकण हाय, ते बी डोक्यात.
अम्मीला इचारावं तर अम्मी रडत्यात. मौलानांना कसं इचारू, रॅम म्हंजी काय तिथनं सुरवात.
अस्लमभाईला फोन लावला, भावाला. मेढ्याला गॅरेज हाय त्याचं. मागं कोनतरी रेस मारत हुतं, वरडून बोलावं लागलं. सगळं सांगिटलं.
म्हनला, "नसीम, ट्रकवर ७८६ कुठं लिवतात?"
पुढं, काचंवर.
"टाकीत ७८६ लिटर डिझेल वततंय का कोण?"
मला हसूच आलं. किती दिसांनी. त्यो पन हसला. मग त्याचं नेहमीचं, "येऊ का न्यायला? टेम्पो हाय. सामान काय दोन फेऱ्यांत येतंय." म्हनलं नको. "नको काय नको. हितं कोण तुला पासवर्ड मागतंय?" म्हनलं नको म्हनलं ना.
अलिनाचं अंग आता गार.

१४ नोव्हें.
केलं. रू.नं कागदावर लिहून दिलं हुतं आन कॉलेजला गेलेली. ७८६ च्या जागी २५६. कनेक्शनच्या जागी ४०. अलिनाला झोळीत घातलं, बिस्मिल्ला म्हनलं, आन डबा बंद करून चालू केला.
उठला न्हाई.
परत केला. न्हाई. पाठ असलेली ओळ, धा बारी लिवली. न्हाई. सात साइटी बंद. आत्तापतोर आपसूक बसत हुतं, आज मी बसवलं.
इरफानला कुनीतरी फोन केलाच. जिन्यात आवाज. "भाबी, आता तर द्या! काय केलंत तुमी?"
खरं सांगिटलं. आकडा बदलला.
"कंचा आकडा?"
सांगिटला.
त्याचा आवाज येगळाच झाला. "भाईजाननं घातलेलं ७८६ काढलं तुमी? बसणारच की मग." आन गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी खाली बसली. मला वाटलं खरंच तसंच झालं.
अलिना उठली, भुकेली. तिला पाजवत बसली, डोळ्यासमोर ती काळी खिडकी.

तेच, सांजचं
रू. आली. फाइल बघितली, म्हनली बरोबर तर आहे सगळं, दोनशे छप्पन, चाळीस. मग मशीन काय रडतंय ते वाचलं. म्हनली, "हे म्हणतंय आकड्याच्या जागी काहीतरी ? ? ? आहे. मला कळत नाही असलं काही."
दोघी बघतोय. २५६. धडधडीत २५६ हाय की.
मग तिनं कपाळावर हात मारला. आन मला पन कळलं. दुपारी कार्यालयाची मराठी जाहिरात घालाय कीबोर्ड मराठीवर केलेला, फाइलमधी आकडे लिवताना त्यो तसाच. डबा उठवायची ओळ लिवताना मराठी अक्षरं उमटली तवा बदलला, पर आकड्यांचं ध्यानात आलं न्हाई. २५६ मराठीत लिवलेलं. मला तर आकडे असेच दिसत्यात, शाळेपासनं. तिला बी वाचता आलं, म्हणून तिलाबी कळलं न्हाई. मशीन मराठी शाळेत गेलेलं न्हाई.
इंग्रजी 256. डबा उठला.
रू. हसून हसून लोळली. मी रडली. अलिना दोघींकडं बघत बसली, कोनाचं खरं धरावं म्हणून.

१५ नोव्हें.
दिवसभर पडलं न्हाई. कार्यालयांवर गर्दी हुती तरी.
आज रू.नं दोन कामं अजून केली. मशीनच्या डिस्कवर थोडी जागा करून ठेवली. रॅम भरली की जादाचं तितं टाकायचं, माळ्यावर सामान टाकल्यागत. काढायला येळ लागतो, पर घर तरी मोडत न्हाई. आन कार्यालयांच्या तारखांचं पान एकदा करून तयार ठेवलं. दर मानसाला त्याच त्या तारखांसाठी डब्यात हात घालायचं कारणच न्हाई. नवीन बुकिंग झालं की तेवढं पान बदलतंय.
फाइलमधी ओळीच्या आधी # अशी खूण घातली की मशीन ती ओळ वाचत न्हाई, रू. म्हनली. मानसासाठी असती ती ओळ.
मग सगळ्यात वर, पयल्या ओळीला, मी लिवलं. # ७८६. मराठीत.

१७ नोव्हें.
मेजरांचा फोन. मी फोन कानापासनं लांब धरती, आवाज तसाच येतो.
"ताई! तेवीस तारखेला माझी पोरं निकाल बघणार, एक टायमाला बघणार. मागच्या वेळी साइट पडली, बेहोश. माझी पोरं पळताना पडत नाहीत आन तुमची साइट उभ्या उभ्या पडते!"
म्हनलं, या बारीला न्हाई पडनार.
"पक्कं?"
म्हनलं, मेजरसाहेब, पक्कं कसं सांगू. तुमी भरतीआधी पोरं पळवून बघता ना? तसं आदूगर एकदा पळवून बघू द्या मला.
मला वाटलं रागावले. मग म्हनले, "ये हुई बात."

रू.नं निकालाचं बघितलं. पोरगं रोल नंबर घालतं, तवा मशीन पयल्या नावापासनं शेवटपतोर सगळी यादी चाळतं. दर पोराला. आता रोल नंबरावर खूण करून ठेवली, सरळ त्याच जागी जाऊन काढतंय. आमच्या रेशन दुकानातबी असंच पायजे.
आन अकॅडमीच्या साइटीला डब्यात एका टायमाला ठरलेलीच मानसं. बाकीची दारात थांबतील. आमच्या गल्लीत पानी आलं की पुढची घरं मोटर लावत्यात, मागच्यांना नळातनं नुसती हवा. मेजरच्या पोरांनी तसं करायला नको. घोंगडीवाल्या मामांनाबी पानी मिळालं पायजे.

१९ नोव्हें.
आज पळवून बघितलं.
मेजरनी पोरं गरोंडवर हुबी केली, हातात मोबाइल. खोटा निकाल घातलेला, सगळे पास. फोन चालू ठेवला माझ्याशी. मला सगळं ऐकू येत हुतं.
"सावधान! मोबाइल निकाल! ए शिंद्या, रील बंद कर! शिट्टी झाली की बटन. आधी कुणी दाबलं तर पाच राउंड."
शिट्टी.
मी काळ्या खिडकीत बघत. रॅम चढली. चढली. थांबली. डबा हुबा. तिकडं आरडा, "दिसला! पास!" मेजर म्हनले, "सगळेच पास हायत रं, खोटा हाय निकाल."
मग जुनी पोरं बी घेतली, गेल्या वर्षीची, दुप्पट. शिट्टी. आता हळू झालं. गोल फिरतंय म्हनून कोनतरी वरडलं. फिरलं, फिरलं. माळ्यावर सामान पडाय लागलेलं मला दिसत हुतं. पर पडलं न्हाई. एकेकाला दिसाय लागला.
कार्यालयांची साइट उघडून बघितली मधीच. चालू. घोंगडीची चालू.
मेजर म्हनले, "ताई, उशीर चालंल. पडणं चालणार नाही. शाबास."
मी चाचांना फोन करून सांगिटलं. चाचा म्हनले, "अल्ला. आता आयतवार."
अलिनाला घिऊन खोलीत नाचली. दार लावून.

२० नोव्हें.
अम्मी आल्या कडेगावाहनं, इरफान सोडून गेला. अलिनाला उचललं, तिच्या तोंडाकडं बघत बसल्या. हुबेहूब ह्यांच्यागत कपाळ हाय तिचं. अम्मींचं काय चुकतंय, मला कळतंय की. पोरगा गेलाय त्यांचा.
जेवताना म्हनल्या, "तूने वो आकडा निकाल दी बोलते."
त्यांना लॅपटॉपपाशी नेलं. फाइल उघडली, पयली ओळ दाखवली. अम्मींना वाचाय येत न्हाई, पर त्यो आकडा येतो. बोट लावलं काचंला.
"सबके उप्पर रक्खी?"
व्हय अम्मी.
जाताना म्हनल्या, इरफाननं सांगलीवाल्याला शबुद दिलाय, त्यो आता मागं कसा फिरनार. "तू भी जरा समज." म्हनलं, अम्मी, तुमी समजा की.
अलिना त्यांच्या पदराला धरून सोडंना.

२१ नोव्हें.
चूक झाली. लय मोठी.
इरफान आला दुपारी. म्हनला माझा फोन बंद पडलाय, अम्मींचं बीपी वाढलंय, डाक्टरला एक फोन लावतो, तुमचा द्या. अम्मींचं नाव घेतल्यावर मी काय इचार करनार. दाराच्या फटीतनं दिला. जिना उतरत गेला त्यो गेलाच.
भाड्याच्या मशीनचा सगळा कारभार त्या फोनवर हाय. पासवर्ड इसरलो असं दाबलं की आकडा फोनवर येतो. त्यो आकडा आता इरफानपाशी.
लॅपटॉपात मशीनची खिडकी उघडी हाय अजून. बंद करत न्हाई. एकदा का बंद झाली तर परत आत घेईल का न्हाई, ठावं न्हाई. लाइट जाऊ नये. रू.चं वायफाय तिनं चालू ठिवलंय, पर ती गावाला गेलीया, सोमवारी यील.
सांजच्याला जिन्यातनं आवाज दिला त्यानं. "भाबी, उद्या सांजला गाडी आणतो. अलिनाला आन तुमाला कडेगावला. चाचा बसतील तवर तितंच ऱ्हावा."
इद्दतीत कुठं न्हेताय?
"घरीच तर न्हेतोय."
निकाल आयतवारी. उद्या सांजला मला हलवलं तर निकालाला मशीनपाशी कोण?
म्हनलं, मी यायची न्हाई. आवाज माझा मलाच ओळखू आला न्हाई.

२२ नोव्हें., शनिवार
मशीन हुबं. खरा निकाल मेजरनी भरला, मला इमेल आला. निकालाचं दार अजून उघडलेलं न्हाई, उद्या सकाळी उघडायचं.
अजून मशीनच्या आत कुनी आलेलं दिसत न्हाई. मी बघत असती, कोण कवा आत आलं ते दाखवायची ओळ रू.नं दिलीया. इरफानला जमलं नसंल, न्हायतर सांगलीवाला अजून आला नसंल.
खाली पायरीवर दोघं बसलेत, इरफान आन त्याचा दोस्त. घरमालक लग्नाला गेलेत. वरडली तर गल्ली गोळा हुईल, पर मग चाचांना काय, बाईनं तमाशा केला एवढंच कळंल. तमाशा करायचा न्हाई मला. मला फक्त उद्या दुपारपतोर ह्या लॅपटॉपफुडनं उठायचं न्हाई.
मनात आलं हुतं, साइटी हायत की सात. सातीवर मोठ्या अक्षरात लिवावं, माझ्या भावाला फोन करा. लिवता येतं मला. दोन मिंटांचं काम. न्हाई लिवलं. गिऱ्हाईकाच्या ताटात आपलं खरकटं वाढायचं न्हाई. आन मग मेजरची पोरं निकाल बघायला आली की काय बघतील?
अस्लमभाईकडं बटनांचा फोन. इमेल न्हाई, काय न्हाई. रू.ला टाकलेल्या इमेलला उत्तर न्हाई, आन मेजरला घरचं भांडान कळवलं तर त्यो साइटच काढून न्हील.
मागच्या बोळात सकाळची भाजीवाली मावशी येती. तिला मी रोज वरनं पिशवी सोडती, दोरीनं. आज ती येऊन गेली, तवा मला सुचलं न्हाई. पर बोळातनं मानसं जात्यात की. शिकवणीच्या पोरी जात्यात, दूधवाला सांजला येतो. पिशवीत ही वही घालून सोडती आता. मी वर दोरी धरून हाय, अलिना मांडीवर.
म्हणून, जे कोन वाचतंय त्यांना. मागचं काय वाचू नका, वाचलं असंल तर असूद्या. माझ्या भावाला फोन करा. अस्लम, मेढ्याचा, गॅरेजवाला. नंबर शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरात लिवलाय, मराठीतबी आन इंग्रजीतबी. मागं लय आवाज असतोय, जरा वरडून बोला. सांगा नसीमनं सांगिटलंय. साइटी चालू हायत म्हनावं, साती. आन लगीच नीघ म्हनावं, सांजच्या आत.
टेम्पो आणू नको म्हनावं. न्यायला यायचं न्हाई. दारात बसायला ये.